छपाईचा दोष की उन्हाचा परिणाम? जुन्या क्रिकेट कार्डांविषयी विचारणा

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा):
गावात वडिलांचे किराणा दुकान असताना बबलगमसोबत येणारी क्रिकेटपटूंची कार्डे मी १९९० च्या सुमारास जमवली होती. माळा आवरताना त्यांचा डबा सापडला. त्यांतील तीन कार्डे इतरांहून वेगळी आहेत: एकावर खेळाडूचा चेहरा निळसर आहे, दुसऱ्यावर लाल रंग बाजूला सरकल्याने ओठ दुहेरी दिसतात आणि तिसऱ्याची पाठ, जिथे धावा नि बळी छापलेले असत, पूर्ण कोरी आहे. एका विक्रेत्याने निळे कार्ड ‘दुर्मीळ छपाईदोष’ म्हणून विकत मागितले आहे. विकण्याचा माझा विचार नाही, परंतु संग्रहाच्या वहीत नोंद करायची ती खरीच असावी, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

उत्तर (निवृत्त मुद्रक, अमरावती):
भाऊ, मी अनेक वर्षे ऑफसेट यंत्रावर काम केले आहे. रंगीत चित्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंच्या चार प्लेटांमधून कागदावर उतरते. हवेतील ओलाव्याने कागद फुगला किंवा प्लेट किंचित हलली, की एखादा रंग बाकीच्यांशी जुळत नाही. आपले दुसरे कार्ड त्यातलेच दिसते. भिंगाखाली पाहा, लाल ठिपके केवळ ओठांपाशी नव्हे, तर कार्डभर एकाच दिशेला सरकलेले असायला हवेत. यंत्राने दोन ताव एकदम ओढले, तर खालच्या तावावर शाई पोहोचत नाही, त्यामुळे कोरी पाठही खरी असू शकते. मात्र कार्ड तिरप्या उजेडात धरून पाहा. छपाई खरवडलेली असेल, तर कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतील.

निळ्या कार्डाबद्दल मला शंका आहे. पिवळी आणि किरमिजी शाई उन्हाने आधी उडते, निळी आणि काळी त्यामानाने टिकते, आणि आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन किती कडक असते हे वेगळे सांगायला नको. किरमिजी शाई मुळात लागलीच नसेल, तर तिचा एकही ठिपका सापडणार नाही. उन्हाने उडाली असेल, तर फिकट ठिपके दिसतील, आणि कार्डाचा काही भाग झाकलेला राहिला असल्यास तेथे मूळ रंग शाबूत असेल.

उत्तर (संग्राहक, यवतमाळ):
मुद्रक काकांच्या म्हणण्याला एक जोड देतो. केवळ चूक असल्याने कार्डाची किंमत वाढत नाही. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या टी-२०६ मालिकेत मॅगी या बेसबॉल खेळाडूच्या आडनावाचे स्पेलिंग चुकले, ते लवकरच सुधारले गेले, आणि म्हणून चुकीची थोडी कार्डे आज फार मोलाची आहेत. उलट, टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५७ च्या बेसबॉल मालिकेत हँक आरॉन यांचे छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे छापले गेल्याने उजव्या हाताने खेळणारा हा फलंदाज डावखुरा दिसतो. ती चूक कधीच सुधारली नाही, सगळी कार्डे तशीच निघाली, त्यामुळे ती चूक आहे म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. कार्डे टिनाच्या छपराखाली ठेवू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पीव्हीसीच्या पिशव्यांतील रसायने कालांतराने शाईला चिकटतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्या.

प्रश्नकर्ता:
काका, आपण सांगितल्याप्रमाणे भिंगातून पाहिले. लाल ठिपके कार्डभर डावीकडे सरकलेले आहेत आणि कोऱ्या पाठीचा कागद गुळगुळीत आहे. निळ्या कार्डाच्या वरच्या कोपऱ्यावर मात्र जुन्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तो हलकेच उचलताच खाली टोपीचा लाल रंग जसाच्या तसा निघाला. तेव्हा आठवले की वडिलांनी हेच कार्ड दुकानाच्या काचेवर बाहेरच्या बाजूने लावले होते. वहीत ‘उन्हाने रंग उडालेले’ अशी नोंद केली आहे आणि विक्रेत्यालाही तसे कळवले आहे.