जुना विनोद ऐकताना आपण हसतो की वाक्य पूर्ण करतो?

राजेंद्रनगरकर

इंदुरातल्या मराठी घरांमध्ये पु. ल. देशपांडे यांची ध्वनिफीत लागली की एक गोष्ट हमखास घडते. पुलंनी विराम घेतला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी पुढचे वाक्य त्यांच्या आधीच म्हणून टाकतो आणि मग सगळे हसतात. तो हशा विनोदाचा नसून वाक्य बरोबर आठवल्याच्या समाधानाचा असतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. विनोदाला थोडा तरी अनपेक्षितपणा लागतो, आणि ज्या विनोदाचे आपण पाठांतर केले त्यातला तो अनपेक्षितपणा आपणच संपवलेला असतो.

मात्र विनोद जुना होतो म्हणजे नेमके काय होते, याचा विचार वेगळा करायला हवा. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली आले आणि १९६१ पासून पुलं त्याचा एकपात्री प्रयोग करू लागले. आपल्यापैकी बहुतेकांनी चाळीत एक रात्रही काढलेली नाही. इंदूरचे वाडे वेगळे, इथली वस्ती वेगळी, त्यामुळे मुंबईची चाळ आपल्यासाठी पहिल्यापासून ऐकीव होती. तरीही त्यातले ‘उपास’ आजच्या मुलाला वाचून दाखवले तर तो हसतो, कारण वजन उतरवण्याचा निश्चय केलेल्या माणसाला दहा जणांनी दहा सल्ले देणे आजही चालू आहे. उलट चार-पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या चित्रपटाचे किंवा मालिकेचे विडंबन असलेले प्रहसन लावून पाहावे. मूळ गोष्ट विसरली गेली की प्रहसनात फक्त मोठ्याने बोलणारी माणसे उरतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की १२ जूनला, पुलंच्या स्मृतिदिनी, आपल्याकडे जे अभिवाचनाचे कार्यक्रम होतात, त्यांतून सर्वांना तोंडपाठ असलेले उतारे काही वर्षे बाजूला ठेवावेत आणि ‘अंतू बर्वा’पासून त्याची सुरुवात करावी. पाठ नसलेले पुलं पुष्कळ आहेत.

नाट्यवेडा

राजेंद्रनगरकर यांच्याशी मी मुळातच असहमत आहे. एखादी गोष्ट ठाऊक असताना पुन्हा ऐकणे, हा आपल्या रसिकतेचा दोष नव्हे, तर तिचा पाया आहे. कीर्तनातल्या उत्तररंगाचे आख्यान श्रोत्यांना लहानपणापासून माहीत असते, तरी बुवांनी ते कसे रंगवले यासाठी लोक बसून राहतात. संगीत नाटकातल्या पदाला वन्समोअर देणारा प्रेक्षक ते पद पहिल्यांदा ऐकत नसे. पुलंच्या ध्वनिफितीत शब्दांइतकाच त्यांचा आवाज, शब्दावर ठेवलेला भार आणि थांबण्याची जागा यांचा आनंद असतो. तो आनंद पाठांतराने कमी होत नाही. उलट, पुढे काय येणार हे माहीत असलेल्या माणसालाच ती थांबण्याची जागा नीट कळते.

राजेंद्रनगरकर

कीर्तनाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. बुवा तेच आख्यान दर वेळी वेगळे सांगतात. ध्वनिफितीतले पुलं दर वेळी त्याच क्षणी थांबतात.

बतावणी

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, पण त्यावरून मी वेगळ्या निष्कर्षाला येतो. विनोद म्हातारा होत नाही, त्याचे मुद्रण म्हातारे होते. तमाशात गण आणि गौळण झाली की बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, येतो, आणि बतावणीची रचनाच अशी असते की त्या गावातली, त्या आठवड्यातली गोष्ट तिच्यात घालता यावी. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले तेव्हा दादा कोंडके यांनी हीच मुभा घेतली. ताज्या घडामोडींवरचे त्यांचे उत्स्फूर्त संवाद प्रयोगागणिक बदलत असत. असा विनोद संहितेत छापला किंवा फितीवर धरून ठेवला, की त्यातला जिवंत भागच नेमका शिळा होतो, आणि आपण दोष विनोदाला देतो.

दुसरे उदाहरण लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीचे आहे. एका माणसाने बावन्न पात्रे उभी करायची, असा तो विलक्षण प्रयोग होता. खेड्यातले कुटुंब लग्नासाठी विमानात बसते, ही कल्पनाच १९७९ साली नवलाची होती. आज इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशात आहेत आणि आई-वडील नातवंडांसाठी विमानाने ये-जा करतात, म्हणजे राजेंद्रनगरकर म्हणतात तो संदर्भ पूर्ण उलटला आहे. तरीही देशपांडे २००९ साली गेल्यानंतर संदीप पाठक तो प्रयोग करतात आणि लोक हसतात. मूळ कलाकार गेल्यावर दुसऱ्याच्या तोंडी जे टिकते ते जुने झाले, असे म्हणता येणार नाही. मला विचाराल तर हीच एकमेव खरी कसोटी आहे.

रामबागेची लेक

काका, आपण तिघेही संदर्भ, मुद्रण आणि पाठांतर यांविषयी बोलत आहात, पण विनोद कोणावर केला आहे, याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. माझ्या पिढीला दूरचित्रवाणीवरची जुनी प्रहसने पाहवत नाहीत, याचे कारण संदर्भ विसरला जाणे हे नाही. साडी नेसलेला पुरुष हाच एक विनोद, जाडेपणा हा दुसरा, सावळा रंग हा तिसरा, आणि बोलताना अडखळणारा माणूस हा चौथा, हे सगळे संदर्भ आम्हाला पूर्ण कळतात, आणि कळतात म्हणूनच हसू येत नाही. हे विनोद काळाने जुने केले, असे म्हणणे मला मान्य नाही. ज्या मुली ते ऐकत घरात सर्वांबरोबर बसल्या होत्या त्यांना ते पहिल्या दिवशीही विनोदी वाटले नव्हते, फक्त तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही.

‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झाला तेव्हा आमच्या घरी तो नेमाने पाहिला जाई. आज त्यातली चित्रपटांची विडंबने कोणी लावत नाही. पण सागर कारंडे यांनी पोस्टमन होऊन वाचलेली, अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे माझी आई अजून शोधून ऐकते. विनोदाच्या कार्यक्रमातली गंभीर पत्रे टिकावीत याचा विचार आपण करावा, कारण त्या पत्रांत कोणाला तरी खाली पाडलेले नव्हते.

आणि इंदुरात बसून ही चर्चा करताना आपल्याच गावच्या विनोदकार झाकिर खान यांना विसरून चालणार नाही. २०१७ सालच्या ‘हक से सिंगल’मधला त्यांचा ‘सख्त लौंडा’ तेव्हा माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी होता. ते शब्द आज त्याच मुलांच्या तोंडी शोभत नाहीत, कारण त्यांची लग्ने झाली आहेत. पण झाकिर खान तिथे थांबले नाहीत. २०२२ सालच्या ‘तथास्तु’मध्ये ते आजोबांविषयी आणि घराविषयी बोलतात, कितीतरी वेळ हशाविना बोलतात, आणि तेच चाहते ऐकत राहतात. कलाकार आपल्या श्रोत्यांबरोबर वयाने वाढला, तर त्याचा जुना कार्यक्रम जुना झाल्याचे दुःख फारसे होत नाही. दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांना ही सोय मिळत नाही, कारण दर आठवड्याला नवे लिहून द्यायचे असते आणि लोकांना आवडलेले पात्र पुन्हापुन्हा आणावेच लागते.

बतावणी

रामबागेच्या लेकीचे रंगावरच्या आणि जाडेपणावरच्या विनोदांविषयीचे म्हणणे मला पटते. साडीविषयीचे पटत नाही. तमाशात पुरुषाने मावशी होणे ही शतकभराहून जुनी रीत आहे आणि गौळणीतली मावशी कृष्णाला खडे बोल सुनावते, ती कोणाची चेष्टा होत नाही. दूरचित्रवाणीने त्या मावशीची जीभ काढून घेतली आणि फक्त साडी ठेवली. दोष तिथे आहे.

रामबागेची लेक

जीभ असलेली मावशी मला हवीच आहे. परंतु आपण सांगता ती मावशी माझ्या पिढीने पाहिलेली नाही, आम्ही पाहिली ती साडीच. आणि ती आजही त्याच खात्रीने वापरली जाते, ही माझी तक्रार आहे.

नाट्यवेडा

मूळ सूचनेकडे परत येतो, कारण तिचा परिणाम प्रत्यक्ष कार्यक्रमावर होणार आहे. पाठ असलेले उतारे वगळावेत असे राजेंद्रनगरकर म्हणतात आणि त्यांनी सुरुवातीलाच ‘अंतू बर्वा’चे नाव घेतले आहे. त्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ जुन्या प्रेमातून आलेला नाही.

रत्नागिरीत वीज येते तेव्हा अंतू बर्वा ती घरात घेत नाही, कारण त्या उजेडात दिसणार काय, तर दारिद्र्यच. हे मी कॉलेजात असताना ऐकले तेव्हा पोट धरून हसलो होतो, कारण तेव्हा मला त्यात एका कोकणी म्हाताऱ्याचा तिरकसपणा दिसला. आज त्याच जागी मला त्याचे रिकामे घर दिसते आणि हसू येत नाही. वाक्य मला तेव्हाही पाठ होते, आजही आहे, पुलंचा आवाज आणि थांबण्याची जागा तीच आहे, तरी ऐकणारा बदलल्यामुळे अर्थ बदलला. म्हणजे पाठांतराने अनपेक्षितपणा संपतो हा राजेंद्रनगरकरांचा मूळ सिद्धान्त इथे लागू पडत नाही. मध्ये चाळीस वर्षे गेल्यामुळे तो अनपेक्षितपणा मला नव्याने मिळाला, आणि तो पाठ नसलेल्या उताऱ्यातून मिळाला नसता, कारण तुलना करायला माझ्याजवळ आधीचा हशाच नसता.

सभागृहात साठीचे आणि विशीचे लोक शेजारी बसलेले असताना एकाला हसू यावे आणि दुसऱ्याला येऊ नये, असे लेखन मराठीत फार नाही. ‘उपास’ अवश्य घ्यावे, ‘बटाट्याची चाळ’मधले शेवटचे चिंतनही घ्यावे, कारण चाळ संपत चालल्याचे दुःख पुलंनी त्या पुस्तकाच्या शेवटी स्वतःच लिहून ठेवले आहे. पण ‘अंतू बर्वा’ यादीतून काढू नये.