फक्त डिलेवर वीस मिनिटांची रचना उभी राहते का?

कोमल_धैवत
मॉड्युलर सिंथवर (सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवणारं वाद्य) मोठी रचना करायची तर दोन सिक्वेन्सर (सुरांचा क्रम आपोआप वाजवणारे) आणि रॅकभर मॉड्यूल हवीत, असं ऐकून कंटाळा आला. माझं म्हणणं: एक ऑसिलेटर (सूर काढणारा), फिल्टर (सुराचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा), व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा) आणि एक लांब डिले (आलेला सूर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारा) पुरतो. डिलेला शेवटी लावायचा मसाला समजलं की गणित चुकतं. वेळ ५ सेकंद आणि फीडबॅक (दर फेरीला आवाजाचा जेवढा भाग परत डिलेत जातो तो) ९० टक्के ठेवून बघा. सोडलेला सूर ६० डेसिबल खाली, म्हणजे जवळजवळ ऐकू न येण्याइतका, जायला साधारण साडेपाच मिनिटं घेतो. म्हणजे आत्ता जे वाजवाल त्याचं पुढच्या पाच मिनिटांतल्या सगळ्याशी जमायला हवं. ही रचनाच झाली की! संगीतकार ब्रायन ईनोच्या 'डिस्क्रीट म्युझिक'ची (१९७५) अर्ध्या तासाची बाजू ईएमएस सिंथी (एक सिंथेसायझर) आणि दोन टेप रेकॉर्डरांच्या डिलेवरच तर उभी आहे.

पॅचवाला
असहमत. ईनो तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. त्याने वेगवेगळ्या लांबीच्या दोन सुरावटी आधी ठरवल्या, कशाही एकमेकींवर पडल्या तरी खटकणार नाहीत अशा. टेप त्यानंतर, मध्ये इक्वलायझरही होता. विचार आधी झाला होता. हल्ली उलटं चालतं: काहीतरी टुणटुण फीडबॅकमध्ये सोडायचं, वर रिव्हर्ब (मोठ्या सभागृहासारखा घुमारा) ओतायचा आणि नाव द्यायचं 'ध्यान'. तिसऱ्या मिनिटाला जे, तेच तेराव्या.

खुंटी_पिळा
संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोसचं 'आय ऑफ फोर' (१९६६, टोरोंटो विद्यापीठाचा स्टुडिओ) ऐकलंय का? सुमारे वीस मिनिटं, दोन टेप रेकॉर्डर, ८ सेकंदांच्या आसपासचा डिले, सगळं जागेवर वाजवलेलं. आधी बांधलेली सुरावट नाही. मॉड्युलर नव्हे, पण तत्त्व हेच.

 

पॅचवाला
ऐकलंय, आवडतं. पण तिथे कान काम करतोय, डिले नव्हे. बाकी माझा खरा आक्षेप वेगळा आहे. साडेपाच मिनिटं जुने सूर रेंगाळत असताना षड्ज कसा बदलणार? सगळा चिखल होतो. मग लोक बदलतच नाहीत.

कोमल_धैवत
फीडबॅक कायम ९० वर ठेवा असं कुठे म्हटलं? हात त्याच नॉबवर असायला हवा. ७० टक्क्यांवर आणला की दहाव्या फेरीला, म्हणजे ५० सेकंदांत, सूर ३१ डेसिबल खाली. खंड असे पाडायचे. शिवाय व्हीसीए डिलेच्या आधी लावा. डिलेत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, हे तिथे ठरतं. फीडबॅकच्या वाटेत फिल्टर टाकला तर दर फेरीला सूर मऊ होतो आणि गर्दी कमी वाटते.

खुंटी_पिळा
+१. आणि ५ सेकंदांच्या डिलेवर ८ सेकंदांची सुरावट फिरवा. दोन्ही एकत्र जुळायला ४० सेकंद लागतात, तोवर आपोआप नवं ऐकू येत राहतं.

पॅचवाला
'आपोआप' हाच तर माझा आक्षेप. असो, व्हीसीएची सूचना चांगली आहे. षड्जाचं उत्तर मात्र अजून आलं नाही. ५० सेकंद वाट बघणं म्हणजे षड्ज बदलणं नव्हे, गाणं थांबवून दुसरं सुरू करणं.

कोमल_धैवत
मान्य, सलग बदलायचा तर दुसरा डिले आणि क्रॉसफेडर (एका आवाजातून दुसऱ्यात हळूहळू नेणारा) लागेल. मी षड्ज बदलतच नाही.