मदत हवी आहे: फंड आणि ईटीएफची क्रमवारी लावायची तरी कशी?
नमस्कार मंडळी. एकाच शेअर निर्देशांकाची नक्कल करणारे दोन इंडेक्स फंड आणि तीन ईटीएफ (म्हणजे शेअरसारखे बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) समोर घेऊन बसलोय, पण क्रम काही लागत नाही. स्टार रेटिंग बाजूला ठेवलं. ते मागच्या कामगिरीवर बेतलेलं, पुढचं काय सांगणार? पहिला निकष खर्चाचा, म्हणजे फंड दरवर्षी कापतो त्या शुल्काचा. वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर ०.८ टक्के जादा खर्च २० वर्षांत एकरकमी गुंतवणुकीच्या अंतिम रकमेतला जवळपास १४ टक्के हिस्सा खातो. (गणित करून पाहिलं आणि झोपच उडाली!)

अडलंय ते इथे: सगळ्यात स्वस्त ईटीएफमध्ये उलाढाल नगण्य, त्यामुळे खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी तफावत. दरमहा थोडी थोडी रक्कम घालणाऱ्याने या तफावतीला जास्त वजन द्यावं की ट्रॅकिंग डिफरन्सला (निर्देशांकाचा आणि फंडाचा परतावा यांतल्या फरकाला)? की सरळ इंडेक्स फंडच बरा? तुम्ही कसं ठरवता?