तेरेजाचे बाबा

नमस्कार मंडळी,

१२ जुलैला आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांकडे लुई आणि झेली मार्टिन या दांपत्याचा सण असतो. त्यांची धाकटी लेक म्हणजे लिझ्यूची संत तेरेजा. तिचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल, पण मला आज तिच्या वडिलांबद्दल लिहायचंय.

लुई घड्याळजी होते. फ्रान्समधल्या आलांसाँमध्ये त्यांचं दुकान होतं. तरुणपणी मठात जायची इच्छा होती, पण लॅटिन येत नव्हतं, म्हणून प्रवेश मिळाला नाही. १८५८ मध्ये झेलीशी लग्न झालं. पुढे तिचा लेसचा व्यवसाय इतका वाढला, की त्यांनी स्वतःचं दुकान सोडून तिच्या कामाला वाहून घेतलं. त्या काळी हे किती नवऱ्यांनी केलं असतं! रविवारी मात्र दुकान बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. १८७७ मध्ये झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली, तेव्हा तेरेजा पाच वर्षांचीही नव्हती. मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून लुईंनी चौपन्नाव्या वर्षी आपलं रुळलेलं गाव सोडलं आणि पाचही लेकींना घेऊन लिझ्यूला बिऱ्हाड हलवलं.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या नवरा-बायकोला एकत्र संतपद दिलं. दांपत्याला असं जोडीने संत घोषित करण्याची ती पहिलीच वेळ.

---

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. एक विचारते, रागावू नकोस. तेरेजा पंधराव्या वर्षी मठात गेली ना? आईविना वाढवलेली पोर, त्या बापाने तिला कसं जाऊ दिलं? माझी लेक नुसती शिकायला दूर गेली, तर मला तिच्या खोलीचं दार उघडवत नव्हतं.

---

ताई, रागावेन कशाला? मलाही हाच प्रश्न पडायचा.

तिने बागेत परवानगी मागितली तेव्हा ते रडले. मग भिंतीवरचं एक छोटं पांढरं फूल मुळासकट उपटून त्यांनी तिच्या हातात दिलं. दोन थोरल्या मुली आधीच कार्मेल मठात, म्हणजे कार्मेलाइट जोगिणींच्या मठात होत्या. तरी हिला प्रवेश मिळावा म्हणून ते स्वतः बिशपांकडे गेले, तिला घेऊन रोमला गेले. १८८८ च्या एप्रिलमध्ये ती मठात दाखल झाली.

वर्षभरातच त्यांचं मन ढळलं. ते घरातून निघून जायचे, भ्रम व्हायचे. शेवटी त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, तीन वर्षं. लेकी मठात गेल्या म्हणून बापाला वेड लागलं, असं लोक बोलायचे. ते तेरेजाच्या कानांवर जात होतं.

मी इथे अडकते, ताई. बाबांना विस्मरण सुरू झालं तेव्हा मलाही एका नातेवाइकाने फोनवर ऐकवलं होतं, "तू परदेशी गेलीस आणि त्यांनी धसका घेतला." अजून झोपेतून जाग येते.

१८९२ मध्ये घरी आणल्यावर लुईंना एकदाच मठात लेकींच्या भेटीला नेलं. बोलणं जवळजवळ संपलं होतं. निघताना त्यांनी बोट वर केलं आणि एवढंच म्हणाले, "स्वर्गात." तक्रारीचा एक शब्द नाही. दोन वर्षांनी, २९ जुलै १८९४ ला ते गेले. त्यांची लेक सेलीन शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती.

१२ तारखेची मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) मी माझ्या बाबांसाठी अर्पण करायला सांगितली आहे. तुम्ही याल का माझ्यासोबत?