पेनड्राइव्हवरचा एमपीव्ही: दुसऱ्या संगणकावर डीएलएल सापडत नाही

प्रश्न
विंडोज १० वर एमएसवायएस२ (प्रोग्राम बिल्ड करायच्या साधनांचा संच) च्या यूसीआरटी६४ शेलमध्ये (कमांड द्यायची खिडकी) मेसन हे बिल्ड-साधन वापरून एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर बिल्ड केला. शेलमधून व्यवस्थित चालतो. एमपीव्ही.ईएक्सई पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे उघडला की डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररीच्या फाइल) नसल्याची तक्रार करतो. सेटिंग आणि व्हिडिओ कुठवर पाहिला याची नोंद पेनड्राइव्हवरच राहायला हवी. काही मराठी सबटायटलही नीट दिसत नाहीत.

उत्तर १
एफएफएमपेग (व्हिडिओ डीकोड करणारी), लिबास (सबटायटल दाखवणारी) वगैरे लायब्ररी वेगळ्या डीएलएलमध्ये असतात. शेलच्या पाथमध्ये (फाइल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) त्या सापडतात, बाहेर सापडत नाहीत. शेलमध्ये 'एलडीडी एमपीव्ही.ईएक्सई' चालवा, लागणाऱ्या डीएलएलची यादी येईल. ज्या ओळींत यूसीआरटी६४/बिन दिसेल तेवढ्या डीएलएल ईएक्सईच्या शेजारी कॉपी करा. सिस्टम३२ मधल्या घेऊ नका, त्या ज्या-त्या विंडोजच्या असतात. 'एमपीव्ही.कॉम' ही फाइलही सोबत ठेवा, नाहीतर कमांड प्रॉम्प्टवर एरर दिसत नाहीत.

तयार बिल्ड घेणार असाल तर नावात 'व्ही३' असलेला टाळा. त्याला एव्हीएक्स२ (जुन्या प्रोसेसरमध्ये नसलेला सूचनासंच) असलेला प्रोसेसर लागतो, जुन्या मशीनवर तो उघडताच बंद पडतो. स्वतःच्या बिल्डमध्ये 'मार्च=नेटिव्ह' (बिल्ड करणाऱ्या संगणकाच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) दिलं असेल तरी हाच धोका.

उत्तर २
ईएक्सईशेजारी 'पोर्टेबल_कॉन्फिग' फोल्डर करा आणि एमपीव्ही.कॉन्फ ही सेटिंगची फाइल त्यात ठेवा. मग ॲपडेटामधलं (विंडोजमधलं सेटिंगचं नेहमीचं फोल्डर) काहीच वाचलं जात नाही. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नावामागे .टीएक्सटी लागतं आणि सेटिंग का लागू होत नाही ते कळत नाही.

नोंदीसाठी एमपीव्ही.कॉन्फमध्ये 'सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट' लिहिलं की पुरतं, पण व्हिडिओही पेनड्राइव्हवर असतील तर एक अडचण येते. नोंद फाइलच्या पूर्ण पाथवरून (ड्राइव्हच्या अक्षरासह पत्त्यावरून) ओळखली जाते. ड्राइव्ह ई चा एफ झाला की जुनी नोंद सापडत नाही. 'इग्नोर-पाथ-इन-वॉच-लेटर-कॉन्फिग' लिहा, मग फक्त फाइलचं नाव बघितलं जातं. अर्थात प्रत्येक फोल्डरमध्ये '०१.एमकेव्ही' असेल तर नोंदी एकमेकींत मिसळतील.

फाइल असोसिएशनची (व्हिडिओ थेट एमपीव्हीत उघडावेत यासाठीची) इन्स्टॉल स्क्रिप्ट दुसऱ्याच्या संगणकावर चालवू नका, ती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) लिहिते.

प्रश्नकर्ता
डीएलएलचं काम झालं, धन्यवाद. सबटायटलमध्ये एका फाइलला नुसती प्रश्नचिन्हं, दुसरीला इंग्रजी अक्षरांची खिचडी.

उत्तर ३
प्रश्नचिन्हं म्हणजे कोणीतरी ती फाइल एएनएसआयमध्ये (देवनागरी न मावणारं जुनं एन्कोडिंग) सेव्ह केली. मजकूर तेव्हाच गेला, मूळ प्रतच मिळवावी लागेल. खिचडीची फाइल बहुधा कृतीदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. कन्व्हर्टरने युनिकोड करून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. कन्व्हर्टरमध्ये फॉन्ट बरोबर निवडा, दोन्हींची कळरचना वेगळी आहे. नोटो सॅन्स देवनागरीची फाइल पोर्टेबल_कॉन्फिगमधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये टाकून 'सब-फॉन्ट'ला ते नाव द्या, म्हणजे समोरच्या संगणकावर कोणते फॉन्ट आहेत हा प्रश्नच उरत नाही.