मदत हवी आहे: प्रत्येक गोष्टीचा वाईटच अर्थ लावणाऱ्या बहिणीशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण नाशिकला नोकरी करते. साहेब नुसतं 'उद्या जरा भेट' म्हणाले तरी तिची झोप उडते. कामावरून काढणार, हेच डोक्यात. कौतुक झालं तर म्हणते, 'तोंडदेखलं असेल.' घरचे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतात, त्यानं ती आणखीच गप्प होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५०च्या दशकातली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती सांगते, की घटनेपेक्षा आपण तिला लावलेला अर्थ जास्त छळतो. मला ते मनापासून पटतं. पण ती घाबरलेली असताना, तिनं लावलेला अर्थ तपासायला 'याला पुरावा काय?' हे कसं विचारायचं? तिला उलटतपासणी वाटायला नको. कुणी घरात हे केलंय का? नेमकं काय बोललात, ते सांगा. नाशिकमध्ये मराठीतून असं काम करणारे समुपदेशक माहीत असतील तर तेही कळवा.