योरुबा पोरांच्या बोलण्यातलं इंग्रजी: भर की घसरण?

लागोसस्थ:
नोकरीसाठी नायजेरियात आहे. ऑफिसातले बहुतेक सहकारी योरुबा, म्हणजे इथल्या योरुबा भाषा बोलणाऱ्या समाजातले. त्यांची मुलं इबादान नाहीतर इले-इफेच्या विद्यापीठात. सुट्टीला घरी आलेली मुलं आजीशी असं बोलतात: 'मो ती सबमिट असाइन्मेंट मी.' म्हणजे असाइन्मेंट दिली. आजी नुसती मान डोलावते.

उसने शब्द योरुबात पूर्वीही आले, पण योरुबा होऊन आले. या भाषेला जोडाक्षरं चालत नाहीत आणि शब्द व्यंजनावर संपलेला खपत नाही, म्हणून ब्रेडचा 'बुरेदी' झाला, टीचरचा 'तिशा', डॉक्टरचा 'दोकिता'. शिवाय प्रत्येक अक्षराला उंच, मधला किंवा खालचा सूर मिळाला. आजची पोरं शब्द इंग्रजी उच्चारासकट उचलतात. माझ्या मते ही घसरण आहे. तुम्हाला काय वाटतं?

कानामात्रा:
तुमचंच वाक्य बघा की. 'मो' म्हणजे मी, 'ती' म्हणजे काम पूर्ण झालं, शेवटचा 'मी' म्हणजे माझं, आणि तो नामानंतर येतो. रचना शंभर टक्के योरुबा. अनेकवचनासाठीही योरुबाचाच 'आवोन' नामाआधी लावतात, 'आवोन लेक्चरर'. सांगाडा शाबूत असताना घसरण कसली?

तिरफळ:
@कानामात्रा, इथे एक मेख आहे. मराठीत आपण 'सबमिट केलं' म्हणतो. इंग्रजी क्रियापद आपल्याकडे एकटं येऊच शकत नाही, 'करणे' त्याला धरून आणतं आणि काळ, लिंग, वचन सगळं 'करणे'च सांभाळतं. योरुबा क्रियापदाला असले प्रत्ययच नाहीत. त्यामुळे इंग्रजी क्रियापद थेट मूळ क्रियापदाच्या जागी जाऊन बसतं, दारात कोणी अडवत नाही. म्हणून तिथली सरमिसळ आपल्यापेक्षा खोलवर जाते. सांगाडा शाबूत आहे हे मान्य, पण उद्या त्यात फक्त 'मो' आणि 'ती' एवढंच योरुबा उरलं तर?

रविवारची मिसळ:
उगाच बाऊ करताय. योरुबात कांद्याला 'अलुबोसा' म्हणतात, तो अरबी 'अल-बसल'. धीर धरण्याला 'सूरू', तोही अरबी 'सब्र'. उत्तर नायजेरियातले हौसा व्यापारी आणि इस्लाम यांच्याबरोबर आलेले हे शब्द आज ख्रिस्ती योरुबाही बिनदिक्कत वापरतो. तेव्हाच्या आज्यांनीही नाकं मुरडली असतील!

आणि वाहतूक एकतर्फी नाही. देश सोडून सटकणं म्हणजे 'जापा', हा योरुबा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात गेला.

लागोसस्थ:
@मिसळ, अरबीने कांदा दिला, पण आकडे काढून घेतले नाहीत. 45 योरुबात कसे म्हणतात? 'मारुंदिनलाआदोता', म्हणजे पन्नासला पाच कमी. आणि तो पन्नासही साठला दहा कमी, साठ म्हणजे तीन विसा. विसांवर बांधलेली आणि वजाबाकीवर चालणारी इतकी बांधेसूद रचना! पण विद्यापीठातला मुलगा फोन नंबर, गुण, भाडं, सगळं इंग्रजीत सांगतो. आजीने योरुबात आकडा सांगितला की मोबाइल काढून टाइप कर म्हणतो.

रविवारची मिसळ:
एकोणपन्नास, एकोणसाठ म्हणताना अडखळणारी मराठी मुलं पाहिली नाहीत का? 2019 मध्ये बालभारतीने 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. वजाबाकीचे आकडे मुलांना जड जातात, त्यात घसरण वगैरे काही नाही.

अर्धा चहा:
तुम्ही सगळे पोरांवर का घसरताय? नायजेरियात विद्यापीठात शिरायलाच शालान्त परीक्षेत इंग्रजीचा चांगला शेरा लागतो, योरुबाचा नाही. योरुबा विषय सोडला तर व्याख्यान, परीक्षा, प्रबंध सगळं इंग्रजीत. शाळेत मातृभाषा बोललं म्हणून छड्या आणि दंड खाल्लेली पिढी आजही तिथे भेटते. मग 'असाइन्मेंट'ला दुसरा शब्द त्या पोराच्या कानावर पडणार कुठून?

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. 1970 साली इले-इफेत शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वांनी सहा वर्षांची अख्खी प्राथमिक शाळा योरुबातून चालवून दाखवली. इंग्रजी होतं, पण एक विषय म्हणून. ती मुलं तीन वर्षांनी इंग्रजी माध्यमात गेलेल्यांपेक्षा मागे पडली नाहीत, इंग्रजीतसुद्धा नाही. तरी सरकारने काय केलं? 2022 मध्ये प्राथमिकची सहाही वर्षं मातृभाषेतून शिकवायचं धोरण मंजूर केलं आणि 2025 मध्ये रद्द करून टाकलं. घसरण शोधायची तर ती तिथे शोधा.

कानामात्रा:
पारिभाषिक शब्द तर आहेत. रेडिओला 'आसोरोमाग्बेसी', म्हणजे बोलतो पण उत्तर घेत नाही तो. सुंदर शब्द आहे, बोलण्यात मात्र 'रेदियो'च जास्त ऐकू येतो. भाषातज्ज्ञांनी घडवलेला शब्द हॉस्टेलवर चालतोच असं नाही.

तिरफळ:
चालायला तो आधी वर्गात यावा लागतो. प्राध्यापक स्वतः योरुबा, समोरचा अर्धा वर्ग योरुबा, आणि फळ्यावरचं एक वाक्यही योरुबात सांगायची सोय नाही. @अर्धा चहा यांचा मुद्दा मला पटतो, फक्त पोरांना पूर्ण सूट द्यायला मी तयार नाही. आजीशी बोलताना असाइन्मेंट म्हणा हवं तर, पण बसभाड्याचा आकडा तरी?

रविवारची मिसळ:
बसभाडं रोज वाढतंय हो तिथे. विसांत मोजत बसले तर बस निघून जायची!

लागोसस्थ:
@मिसळ, बाजारातल्या बायका अजून योरुबातच मोजतात आणि सुट्ट्या पैशांत एकदाही चुकत नाहीत. या एकदा, दाखवतो.